गिअर ऑइल सिंथेटिक हवे, पण कोणते?

प्रतिनिधी

सकाळी गाडी बाहेर काढताना दुसरा गिअर अडखळत पडतो. दोन-तीन किलोमीटर अंतर गेल्यावर मात्र तोच गिअर विनासायास पडू लागतो. हा अनुभव अनेक मोटारधारकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'जुने गिअर ऑइल काढून सिंथेटिक टाका, गिअर लोण्यासारखे पडतील.' हा सल्ला चुकीचा नाही, परंतु तो अर्धाच आहे. सिंथेटिक तेलांतही अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी एखादा प्रकार गिअर सुकर करतो, तर दुसरा त्याच गिअरबॉक्सचे आयुष्य कमी करू शकतो.

इंजिन ऑइलच्या बाबतीत वाहनधारक बऱ्यापैकी दक्ष असतात. गिअरबॉक्समधील तेल मात्र वर्षानुवर्षे विस्मरणात जाते. छोट्या मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये साधारणतः दोन ते अडीच लिटर तेल मावते. एवढ्याशा तेलाची निवड चुकली, तर पुढे संपूर्ण गिअरबॉक्स उतरवून उघडण्याची वेळ येते. म्हणूनच तेल बदलण्यापूर्वी त्यामागचे तंत्र समजून घेणे हिताचे ठरते.

तेलाची दोन परस्परविरोधी कामे

आजच्या मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची दातेरी चाके कायमच एकमेकांत गुंतलेली असतात. चालक गिअर लिव्हर हलवतो तेव्हा चाके सरकत नाहीत. शाफ्टवर बसवलेली एक बाही सरकते आणि हव्या त्या गिअरला शाफ्टशी जोडते. मात्र जोडणी होण्याच्या क्षणी त्या गिअरचा व शाफ्टचा वेग सारखा असावा लागतो. तो सारखा नसेल, तर दात एकमेकांवर आपटून परिचित 'कर्र' असा आवाज येतो.

हे वेग जुळवण्याचे काम 'सिंक्रोनायझर' करतो. चालत्या बसमध्ये चढणारा माणूस आधी बसच्या वेगाने चार पावले धावतो आणि मगच दांडा पकडतो. सिंक्रोनायझरची कार्यपद्धती अशीच आहे. त्यातील एक कडे गिअरच्या शंकूवर दाबले जाते, घर्षणाने दोहोंचा वेग एक होतो आणि मग बाही पुढे सरकते. हे कडे बहुधा पितळेचे असते. काही गाड्यांत त्यावर कार्बनचा अथवा मॉलिब्डेनमचा थर दिलेला असतो. जनरल मोटर्सने ही यंत्रणा १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत प्रथम आणली. त्यापूर्वी, आणि जड वाहनांत त्यानंतरही दीर्घकाळ, चालकाला क्लच दोनदा दाबून वेग स्वतःच जुळवावा लागे. जुन्या ट्रक व बसचालकांच्या बोलण्यातील 'डबल क्लच' तो हाच.

येथेच तेलाची खरी कसोटी लागते. दातांच्या मध्ये तेल जितके निसरडे, तितकी झीज कमी. सिंक्रोनायझरच्या कड्याखाली मात्र तेच तेल फार निसरडे असून चालत नाही. तेथे तेलाचा थर झटकन बाजूला सरून कड्याला शंकूवर पकड मिळाली पाहिजे. तेल फार दाट असेल, तर थर हटण्यास वेळ लागतो आणि गिअर जड पडतो. तेल प्रमाणाबाहेर निसरडे असेल, तर कडे घसरत राहते, वेग जुळत नाही आणि गिअर खरखरतो. चांगले गिअर ऑइल म्हणजे या दोन गरजांमधील काटेकोर समतोल होय.

'सिंथेटिक' म्हणजे नेमके काय?

कोणत्याही वंगणात मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने असे दोन भाग असतात. मूळ तेलांचे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजेच 'एपीआय'ने, पाच गट केले आहेत. पहिल्या दोन गटांत खनिज तेलापासून नेहमीच्या शुद्धीकरणाने मिळणारी तेले येतात. तिसऱ्या गटातील तेलही खनिज तेलापासूनच तयार होते, परंतु हायड्रोजनच्या साहाय्याने त्यातील रेणूंची रचना मोठ्या प्रमाणावर बदललेली असते. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन अर्थात 'पीएओ' या रसायनशाळेत घडवलेल्या तेलाचा आहे. एस्टरसारखी उरलेली तेले पाचव्या गटात मोडतात.

तिसऱ्या गटातील तेलाला 'सिंथेटिक' म्हणावे काय, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांमध्ये वाद झाला होता. १९९९ साली तेथील जाहिरातविषयक स्वयंनियमन संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून डब्यावरील 'सिंथेटिक' हा शब्द एकाच प्रकारच्या तेलाचा निदर्शक राहिलेला नाही. आत तिसऱ्या गटातील तेल असू शकते, पीएओ असू शकते किंवा त्यांचे मिश्रणही असू शकते.

तरीही या तेलांमध्ये एक समान गुण आढळतो. तापमान बदलले तरी त्यांचा दाटपणा साध्या खनिज तेलाच्या तुलनेत कमी बदलतो. थंडीत ती फार घट्ट होत नाहीत आणि उष्णतेत फार पातळ होत नाहीत. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तेल खराब होण्याची प्रक्रियाही त्यांच्यात मंद असते. थंड गिअरबॉक्समध्ये गिअर हलका पडण्याचे आणि तेल अधिक काळ टिकण्याचे रहस्य या दोन गुणांत आहे.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत?

गिअर ऑइलच्या डब्यावर ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० असे आकडे असतात. ते 'एसएई' या संस्थेच्या जे३०६ या मानकानुसार दिलेले असतात. 'डब्ल्यू' लागलेला आकडा थंडीतील वर्तन सांगतो. त्या थंडीत तेलाचा दाटपणा ठरावीक मर्यादेपलीकडे जाता कामा नये, असा नियम आहे. ७५डब्ल्यू तेलाला ही कसोटी उणे ४० अंश सेल्सिअसला, ८०डब्ल्यू तेलाला उणे २६ अंशांना, तर ८५डब्ल्यू तेलाला उणे १२ अंशांना पार करावी लागते. दुसरा आकडा १०० अंश तापमानातील दाटपणा दर्शवतो.

या आकड्यांची इंजिन ऑइलच्या आकड्यांशी तुलना करू नये, कारण दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. गिअर ऑइलमधील '९०' हा दाटपणा इंजिन ऑइलमधील सुमारे '४०' ते '५०'च्या जवळपास येतो. त्यामुळे ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या दुप्पट दाट, हा समज निराधार आहे. होंडाच्या काही मोटारींच्या पुस्तिकेत कंपनीचे स्वतःचे 'एमटीएफ' तेल न मिळाल्यास तात्पुरते १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल वापरण्याची मुभा दिलेली आढळते. परदेशातील काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तर ऑटोमॅटिक गाड्यांचे पातळ तेल वापरण्याचीच सूचना असते. सारांश, 'गिअरबॉक्स आहे म्हणजे नव्वद नंबरचे ऑइल' हा सरसकट नियम नाही.

जीएल-४ की जीएल-५?

गॅरेजमध्ये सर्वाधिक चुका येथे होतात. 'जीएल' ही एपीआयने ठरवलेली सेवा-श्रेणी आहे. आकडा मोठा म्हणून तेल अधिक चांगले, असा अर्थ तीतून काढणे महागात पडू शकते.

मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शिअलमध्ये 'हायपॉइड' प्रकारचे दाते असतात. ते एकमेकांवर दाबाखाली मोठ्या प्रमाणात घसरतात. तेथे तेलाचा थर टिकून राहावा म्हणून जीएल-५ तेलात गंधक व स्फुरदयुक्त रसायने अधिक घातलेली असतात. हे प्रमाण जीएल-४ तेलाच्या सर्वसाधारणपणे सुमारे दुप्पट असते. डिफरन्शिअलमध्ये सारे भाग पोलादी असल्याने ही रसायने तेथे उपकारक ठरतात.

गिअरबॉक्समध्ये मात्र पितळेची कडी असतात. सक्रिय गंधक पितळेतील तांब्यावर रासायनिक क्रिया करते आणि तेल जितके तापते तितकी ही क्रिया वाढते. अलीकडच्या काही जीएल-५ तेलांत हा दोष बराच आटोक्यात आणलेला आहे. तथापि दुसरी अडचण उरतेच. दाते घसरावेत म्हणून घडवलेले तेल सिंक्रोनायझरच्या कड्यालाही घसरवू शकते. परिणामी महागडे 'फुल सिंथेटिक' जीएल-५ तेल घातल्यानंतर गिअर पूर्वीपेक्षा अधिक खरखरू लागल्याच्या तक्रारी येतात. दोष 'सिंथेटिक' असण्याचा नसतो, तर श्रेणी चुकलेली असते.

भारतातील बहुतांश छोट्या मोटारी पुढील चाकांवर चालतात. त्यांचा गिअरबॉक्स व डिफरन्शिअल एकाच पेटीत असून त्यात हायपॉइड दाते नसतात. म्हणूनच अशा अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत जीएल-४ श्रेणीचे तेल सांगितलेले असते. मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल वेगळे असतात. त्यांना दोन वेगळी तेले लागू शकतात, परंतु एकाच पिंपातील तेल दोन्हीकडे भरण्याची सवय काही गॅरेजना असते. वाहनधारकाने येथे आवर्जून चौकशी करावी.

काही उत्पादक स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी जीएल-५ तेल सुचवतात. काही तेले दोन्ही श्रेणींची असल्याचे डब्यावर छापलेले असते. अशा प्रसंगी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका प्रमाण मानावी. तीत लिहिलेली श्रेणी आणि दाटपणा कायम ठेवून खनिज तेलाऐवजी सिंथेटिक निवडणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

फरक कोठे जाणवेल?

सिंथेटिक तेलाचा सर्वाधिक लाभ थंड प्रदेशात मिळतो. लेहमध्ये जानेवारीत पारा उणे १५ अंशांखालीही उतरतो. तेथे रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत खनिज तेल घट्ट होऊन पहिले काही किलोमीटर गिअर पाडणे जिकिरीचे होते. महाराष्ट्रातून मोटारीने हिमालयाच्या सफरीवर जाणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी. निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्या आसपास येतो. तेथेही पहाटेच्या वेळी फरक जाणवू शकतो.

मुंबईत हिवाळ्यातही किमान तापमान १५ अंशांखाली क्वचितच जाते. त्यामुळे येथील वाहनधारकांनी चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. गिअर किंचित हलका पडेल आणि तेल अधिक काळ गुणधर्म टिकवेल, एवढा लाभ मात्र निश्चित आहे. घाटात भरलेली गाडी चढवताना गिअरबॉक्स बराच तापतो. तेथे उष्णता सोसणारे तेल दात्यांचे व बेअरिंगचे चांगले रक्षण करते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. तेल बदलल्यावर जाणवणाऱ्या सुधारणेचा मोठा वाटा केवळ जुने, काळवंडलेले तेल निघून गेल्याचा असू शकतो. एखाद्या सीलमधून पाझरून पातळी खालावली असेल, तर ती पूर्ववत झाल्याचाही परिणाम दिसतो. पुस्तिकेत सांगितलेले साधे तेल वेळेवर बदलले, तरी शहरातील अनेक गाड्यांना तेवढे पुरेसे ठरते.

दोष तेलाचा की क्लचचा?

तेलावर खर्च करण्यापूर्वी बिघाड नेमका कोठे आहे, हे तपासावे. त्याची एक सोपी चाचणी आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. त्यानंतर इंजिन सुरू करून क्लच पूर्ण दाबून तेच करावे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील आणि सुरू असताना पहिला व रिव्हर्स अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता अधिक. क्लचची केबल, हायड्रॉलिक यंत्रणा अथवा प्लेट यांतील हा दोष कोणत्याही तेलाने जाणार नाही.

केवळ एकच गिअर खरखरत असेल आणि गाडी तापल्यावरही ते थांबत नसेल, तर त्या गिअरचे कडे झिजल्याचे ते लक्षण आहे. योग्य तेलाने आवाज थोडा कमी होईल, पण झिजलेला धातू परत येत नाही. लिव्हर ढिली वाटत असेल आणि गिअर सापडत नसेल, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबल वा बुश तपासाव्यात. न्यूट्रलमध्ये येणारा घरघर आवाज क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्समधील बेअरिंगकडे संशयाची सुई वळते. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे.

थंड असताना सगळेच गिअर जड आणि तापल्यावर सगळेच हलके, असे होत असेल तर मात्र तेल बदलण्याने लाभ होण्याची चांगली शक्यता असते.

तेल बदलताना घ्यावयाची काळजी

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून तेल कोमट करून घ्यावे. त्यामुळे ते लवकर वाहते आणि गाळही सोबत निघतो. गाडी सपाट असावी. ती केवळ जॅकवर उचलून खाली शिरणे धोक्याचे आहे, भक्कम स्टँड किंवा लिफ्ट आवश्यक आहे.

तेल काढण्यापूर्वी वरचा, म्हणजे तेल भरण्याचा बोल्ट प्रथम सैल होतो की नाही, हे पाहावे. तो गंजून अडकला असेल आणि खालचा बोल्ट आधीच उघडला असेल, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच अडकून पडते. खालच्या बोल्टवर अनेकदा चुंबक असते. त्यावर काळसर, मऊ लेप दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे कण टोचण्याइतके मोठे असतील अथवा दात्याचा तुकडा सापडला, तर तेल भरून विषय संपवू नये. गिअरबॉक्सची तपासणी करून घ्यावी.

बोल्टचा वॉशर नवा घालावा. तो स्वस्त असतो, परंतु जुनाच वापरल्यास गळती सुरू होते. बहुसंख्य गाड्यांत भरण्याच्या छिद्रातून तेल बाहेर ओघळू लागेपर्यंत ते भरायचे असते. त्याहून अधिक तेल कोंबल्यास फेस होतो आणि सीलवर ताण येतो. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा, कारण ॲल्युमिनियमच्या पेटीतील आटे सहज निकामी होतात.

आत राहिलेले थोडेसे खनिज तेल पीएओ वा तिसऱ्या गटातील सिंथेटिक तेलात मिसळले, तर अपाय होत नाही. त्यासाठी रॉकेल अथवा डिझेल घालून गिअरबॉक्स धुण्याची गरज नाही. तसेच घर्षण घटवण्याचा दावा करणारी बाटलीबंद मिश्रणे गिअरबॉक्समध्ये टाळावीत. सिंक्रोनायझरला घर्षणाचीच गरज असते, हे विसरून चालणार नाही. खूप जुन्या गाडीत सील कडक झालेले असतील, तर नव्या तेलानंतर पाझर दिसू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत गाडी उभी असते त्या जागेवर डाग पडतात का, यावर लक्ष ठेवावे.

काढलेले तेल गटारात वा जमिनीवर ओतू नये. भारतात २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेल्या तेलाची विल्हेवाट अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांमार्फत लावणे अपेक्षित आहे. ते डब्यात भरून सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे.

एएमटी आणि मोटारसायकली

भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून छोट्या मोटारींत 'एएमटी' गिअरबॉक्सचा प्रसार झाला. त्यातील दातेरी चाके व सिंक्रोनायझर मॅन्युअल गिअरबॉक्सप्रमाणेच असतात. मात्र क्लच दाबणाऱ्या व गिअर टाकणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेत वेगळे तेल असते. या दोन तेलांची अदलाबदल होता कामा नये.

मोटारसायकलींची गोष्ट आणखी निराळी आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल पुरवले जाते. मोटारीचे निसरडे इंजिन ऑइल तेथे वापरल्यास क्लच घसरू शकतो. त्यामुळे डब्यावर 'जासो एमए' अथवा 'एमए२' हा शिक्का पाहूनच तेल घ्यावे.

ध्यानात ठेवावे

- प्रथम पुस्तिका पाहावी. श्रेणी, दाटपणा आणि प्रमाण या तीन गोष्टी कागदावर लिहून गॅरेजमध्ये न्याव्यात.
- 'सिंथेटिक' या शब्दाआधी डब्यावरील जीएल श्रेणी वाचावी. पुस्तिकेत जीएल-४ असेल, तर केवळ जीएल-५ असलेले तेल नाकारावे.
- सुट्या पिंपातील तेलाऐवजी सीलबंद डबा घ्यावा आणि तो आपल्यासमोर उघडून घ्यावा.
- तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर नोंदवून ठेवावेत.
- योग्य तेल भरूनही खरखर कायम राहिल्यास दुसऱ्या कंपनीचे तेल शोधत बसू नये. सिंक्रोनायझरची दुरुस्ती लांबवली, तर झीज गिअरच्या दातांपर्यंत पोहोचते आणि खर्च वाढत जातो.